लखलखीत संडास

महिन्यात तिसऱ्यांदा मी म्हाताऱ्या जुनमाया आमांची, संडासाला जोडलेली गॅसची टाकी उघडली. घरात माणसं सात, सगळी संडासात नेमाने जाणारी, तरी शेगडी गार आणि सून पाल्पाच्या डोंगरातून लाकडं वाहतेय. टाकीतून फिनेलचा भपकारा आला. “आमा, फिनेलने आतले जंतू मरतात. तेच मेले तर मैल्याचा गॅस कोण करणार, मी?” “मिस्त्री, त्या गॅसवर आमचा भात शिजतो. मग संडास लखलखीत नको?” सून पाठीवरची टोपली उतरवत म्हणाली, “लखलखीत आहेच. भात तेवढा शिजत नाही.” तासभर वाद झाल्यावर आमांनी बाटली माझ्या हवाली केली. सून पहिल्यांदाच हसली. तेवढ्यात स्वच्छता समितीचे अध्यक्ष झेंडूची माळ घेऊन अंगणात आले. गावातल्या सगळ्यात स्वच्छ संडासाचं बक्षीस आमांना मिळालं होतं: पाच लिटर फिनेल. सुनेने टोपली पुन्हा उचलली.