पुलापर्यंत

ओढ्यावरच्या लाकडी पुलावर उपग्रहावरून अंतर मोजणारं यंत्र वाजलं. नव्या मोजणीदार बाईंनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग मागून येणाऱ्या जुन्या मोजणीदाराकडे.

"सर, दहा किलोमीटर इथंच भरले."

"दहाचा दगड पुढे आहे. थोरल्या किल्ल्याच्या दरवाजात. मी स्वतः पुरलाय."

"पण सर, यंत्र..."

"तुमचं यंत्र झाडीत शिरलं की झिंगतं हो. वर फांद्या, त्याला आभाळ दिसेल तेव्हा ना!" तो हसला. "आणि या पुलावर माणसंसुद्धा दमतात. आमच्या घरचंच घ्या. बायको दर रविवारी अख्ख्या तळ्याला वळसा घालून येते आणि इथं येऊन थांबते. समोर दरवाजा दिसतोय, पण हिची गाडी पुलावर बंद."

तळ्याभोवतीचा हा धावण्याचा मार्ग त्यानं बावीस वर्षांपूर्वी आखला होता. होड्यांच्या धक्क्यावरून निघायचं, पाण्याच्या कडेनं धाकट्या किल्ल्याचा बुरूज गाठायचा, मग जंगलातून ओढा ओलांडून थोरल्या किल्ल्यापाशी यायचं. पर्यटन कार्यालयाच्या पुस्तिकेत हा मार्ग पहिल्या पानावर असे. नवी आवृत्ती उद्या छापायला जाणार होती, म्हणून रविवार असूनही दोघं कामावर होते. महिनाअखेर तो निवृत्त होणार होता. पुस्तिकेवर ही त्याची शेवटची सही.

तेव्हाचं मोजणीचं चाक तो मुद्दाम घेऊन आला होता. या मार्गानंतर कार्यालयात नवी चाकं आली आणि हे त्यानं घरी नेऊन भिंतीवर टांगलं. एक दांडा, एक चाक, चाकाला लावलेला आकडे फिरवणारा डबा. नव्या लोकांना दाखवायचं होतं, मोजणं कशाला म्हणतात ते.

"फीत अंथरा," तो म्हणाला. "पोलादी फितीपुढे ना तुमचं चालणार, ना माझं."

पुलापलीकडच्या सपाट वाटेवर बाईंनी पन्नास मीटरची फीत ताणून धरली. त्यानं चाक शेजारून नेलं, शेवटाला थांबवलं आणि डब्यात डोकावला. अठ्ठेचाळीस. तो परत गेला, परत आला. अठ्ठेचाळीस.

तो खाली बसला आणि चाकाच्या कडेवरून अंगठा फिरवू लागला. रबर दुहेरी होतं. त्या वर्षी जुनं झिजलं म्हणून त्यावरच नवं चिकटवून घेतलं होतं. रबर बदललं की चाक फितीवर फिरवून बघायचं, हे तो इतरांना शिकवत आला होता. तेव्हा त्यानं बघितलं नव्हतं. नवंकोरं रबर, त्यात काय बघायचं! चाक जाडजूड झालं आणि कमी मोजत गेलं. दहा किलोमीटरांत चारशे मीटर.

त्याच वर्षापासून जिल्ह्याच्या महिला धावपटू संघासाठी गावातली निवड या मार्गावर होऊ लागली. दहा किलोमीटर, चाळीस मिनिटांच्या आत. बायको तीन वर्षं धावली. सर्वांत चांगली वेळ एकेचाळीस मिनिटं पाच सेकंद. गावातली एकही बाई त्या संघात गेली नाही. इथल्या बायकांच्या पायात दम नाही, असं लोक चहा पिता पिता बोलायचे. तिसऱ्या वर्षी त्यानं तिची समजूत घातली होती, अगदी मायेनं. "नाही जमत तर सोड ना. पायांचीही एक हद्द असते." तिनं संघाचा नाद सोडला.

"सर," बाईंनी फीत गुंडाळत हळूच विचारलं, "पुस्तिकेत काय लिहू? तुम्ही सांगाल ते लिहिते. एवढी वर्षं चाललंच आहे."

चालू दे, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात पुलाच्या फळ्या वाजल्या.

बायको आली. कानाशी पांढरे झालेले केस घामानं चिकटलेले. तिनं कठड्याला हात लावला, मनगटावरचं घड्याळ थांबवलं. मग वाटेवर बसलेला नवरा दिसला, शेजारी चाक, बाईंच्या हातातली फीत.

तो उठून तिच्यापाशी गेला. "चाक चुकलं होतं गं," तो म्हणाला. "दहा इथंच होतात."

"हो."

"हो म्हणजे? तुला माहीत होतं?"

"दुसऱ्या वर्षीच. शाळेच्या चारशे मीटरच्या मैदानावर पंचवीस फेऱ्या मारल्या होत्या मी. साडेएकोणचाळीस मिनिटं. मग इथं धावताना घड्याळ बघितलं. साडेएकोणचाळीसला पुलावर होते."

"अगं, मग बोलायचं नाही का?"

"बोलले की. तीनदा म्हटलं, एकदा परत मोजा. तुम्ही म्हणालात, चाकाला नवरा-बायको कळत नाही."

त्याला आठवलं. हे वाक्य त्यानं पुढे कार्यालयातही ऐकवलं होतं आणि सगळे हसले होते.

"निवड समितीकडे तरी जायचंस."

"गेले होते. ते म्हणाले, मोजणारा तुमच्याच घरचा ना? त्यालाच विचारा."

बाई उगीचच यंत्राची बटणं दाबत होत्या. ओढ्याचं पाणी खालून वाहत होतं. काहीतरी विचारायलाच हवं म्हणून त्यानं विचारलं, "मग एवढी वर्षं दर रविवारी इथं येऊन का थांबायचीस?"

"वाट बघत होते, कधीतरी परत मोजायला याल म्हणून," ती घड्याळ शून्यावर आणत म्हणाली. "आलात. पण ऑफिसच्या कामाला."