आतेपाच्या हातातली बंदूक

चित्र पाहिलं आणि ओनोरिनचा हात आपसूक तोंडावर गेला. तोच होता. तेच रुंद कपाळ, भुवईतली तीच खाच, हसू दाबताना एका बाजूला कलणारा तोच ओठ. सैनिकांनी घर पेटवलं तेव्हा लग्नातला एकुलता एक फोटो जळून गेला होता. त्यानंतर आज ती नवऱ्याचं तोंड बघत होती.

मग नजर त्याच्या हातांकडे गेली. चित्रातला आतेपा बंदूक रोखून उभा होता.

झिगिंशोरच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. कासामान्स प्रांतात जंगलातले बंडखोर आणि सरकारी सैन्य यांच्यात झालेल्या लढाईवर कॉमिक निघालं होतं, रंगीत, जाड कागदाचं. ते काढणारा मासांबा राजधानी डाकारहून आला होता आणि टेबलाशी बसून प्रतींवर सह्या करत होता. गेल्या वर्षी हाच ओनोरिनच्या अंगणात दुपार दुपार बसायचा. ती सांगायची, तो काढायचा, खोडायचा, पुन्हा काढायचा. भात-मासळी खाऊन बोटं चाटायचा.

ओनोरिन रांग मोडून पुढे गेली.

"चेहरा जमलाय ना, मावशी?"

"चेहरा जमलाय. हातात काय दिलंयस त्याच्या?"

मासांबाने पेन खाली ठेवलं. "गोष्टीला लागतं ते."

"तो माडी काढायचा रे! झाडाला खाच पाडायचा चाकू सोडला तर दुसरं हत्यार ठाऊक नव्हतं त्याला. नेला तेव्हा सैनिक हेच म्हणत होते, हा जंगलवाल्यांतला आहे, ह्याची बंदूक कुठे लपवलीस? मी त्यांच्या पाया पडले होते. तुला सगळं सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलं होतंस."

"मग?"

"मावशी, बिनहत्यारी माणूस दुसऱ्याच पानावर मरतो." मासांबाचा आवाज खाली आला. "पुढची साठ पानं मी कोणाची काढू?"

मागून लोक ढकलत होते. कोणीतरी म्हणालं, "म्हातारे, सही घे आणि सरक पुढे."

बाहेर आंब्याखाली तिच्या लेकीभोवती, आयिंपेनभोवती घोळका जमला होता. बाप गेला तेव्हा ही पोटात होती. एक पांढऱ्या दाढीचा माणूस तिचा हात दोन्ही हातांत धरून म्हणत होता, "वाघाची लेक तू, पोरी!" आयिंपेनचा चेहरा असा फुललेला ओनोरिनने कधी पाहिला नव्हता. चित्रातली बंदूक खोटी आहे हे ओनोरिन तिला सांगायला गेली होती, न सांगताच परत फिरली.

घरी आल्यावर तिने बरोबर आणलेल्या कॉमिकमधलं आतेपाचं पान फाडलं आणि कात्री काढली. बंदुकीची नळी कापली, बोटं कापली, खांद्यावरचा पट्टा कापला. शेवटी हातात नुसता चेहरा उरला. पण नेम धरताना बंदुकीचा दस्ता गालाला घट्ट भिडला होता. तो काढायचा तर गाल जात होता, अर्धी हनुवटी जात होती. तिने कागद उलटा धरून पाहिला, तिरका धरून पाहिला.

"आई! अगं काय चालवलंयस हे?" आयिंपेन दारातच थबकली.

"तुझ्या बापाकडे बंदूक नव्हती."

"ठाऊक आहे मला. जन्मभर ऐकत आलेय मी." आयिंपेन आत आली, जमिनीवर पडलेले तुकडे गोळा करू लागली. "मीसुद्धा सगळ्यांना तेच सांगत आले. ते माडी काढायचे, त्यांनी कोणाचं काही केलं नव्हतं. लोक ऐकून घेतात, आणि मग विचारतात, काहीच केलं नव्हतं तर नेलं कशाला? आज हे चित्र बघून कोणीच ते विचारलं नाही. काय सांगू मी त्यांना, आई? तूच सांग, काय सांगू?"

कात्री आतेपाच्या गालापाशीच थांबली.