पोटुशीचा ताप

दवाखान्याच्या व्हरांड्यात तीच तीच माहिती सांगून नर्सचा घसा बसला होता. "गरोदरपणी मलेरिया झाला तर बाळ पोटातच दगावू शकतं. मच्छरदाणीत झोपा, ताप अंगावर काढू नका." निम्म्या बायका जांभया देत होत्या. मच्छरदाण्या घेऊन सगळ्या पांगल्या. सुनेसोबत आलेली म्हातारी मात्र जागची हलली नाही. "बाई, माझं पहिलं असंच थंडीतापात गेलं. घरचे आजवर म्हणतात, मी भरली घागर उचलली म्हणून गेलं." नर्स तिच्याशेजारी टेकली. "घागरीनं नाही, आजी. तापानंच गेलं असणार. तुमची चूक नव्हती." म्हातारी रडली नाही, मांडीवरच्या मच्छरदाणीची घडी पुन्हा पुन्हा नीट करत राहिली. "मग एवढं आमच्या ह्यांना येऊन सांगाल? माझं ऐकायचे नाहीत." नर्सचे पाय भरून आले होते. तिनं पिशवी खांद्याला लावली. "चला, त्यांना पहिल्यापासून सांगते."