हॉगन सरोवराचं बारसं

नव्या नावाच्या पाटीवरची पांढरी चादर वाऱ्यानं सारखी उडत होती. ऑर्व्हिल हॉगन एका हातानं चादर आणि दुसऱ्या हातानं टोपी धरून भाषण करत होता.

"माझे वडील हॅल्वर, त्यांचा या सरोवरावर फार जीव होता."

सरोवर! पुढच्या खुर्चीत बसलेल्या सिग्ने ब्रेक्केनं नाक उडवलं. मैलभर पसरलेलं हे पाणी, पण गाय शिरली तर तिचं पोट भिजत नाही. बदकं पोहतायत की चालतायत, ते लांबून कळत नाही. हॅल्वरनं त्याला जन्मभर डबकंच म्हटलं. गव्हाला जमीन हवी म्हणून पाणी काढून द्यायला त्यात चर खणला. दर वसंतात बर्फ वितळून तळं पुन्हा भरायचं आणि हॅल्वर शिव्या घालत चर आणखी खोल करायचा. आता शहरातली माणसं दुर्बिणी लावून पक्षी बघायला येतात, तेव्हा कुठं हॉगनांना डबक्याचा पुळका आला.

"नाव आहे की याला," सिग्ने मोठ्यानं म्हणाली. "इंगाचं तळं."

"मावशी, ते आपलं बोलण्यातलं. नकाशावर कुठं होतं?"

"माझी बहीण तरी कुठं नकाशावर होती?"

चर्चच्या बायकांनी मान खाली घालून कॉफीत पाहिलं. पुरुषांनीही पाहिलं. अमेरिकेतल्या या डकोटात काही अवघड निघालं की सगळं गाव कपात बघतं.

ऑर्व्हिल घाईनं हसला. "बरं, आता गावात सगळ्यांत वडील मावशीच. चादर त्यांच्याच हातून निघू दे."

सिग्ने उठली. पाटीपाशी न थांबता सरळ काठावर गेली. काठीवर भार देऊन तिनं बूट काढले, मोजे काढले आणि पाण्यात उतरली.

"अहो मावशी, बुडाल!"

"कशात रे?"

ती चालत राहिली. पाणी पोटरीच्या वर चढेना. काठापासून बरीच आत गेल्यावर ती थांबली आणि वळली.

"सहा वर्षांची माझी इंगा इथं बुडेल?"

काठावरचे सगळे पुन्हा कपात बघायला लागले.

तिनं पुढच्याच पावलावर काठी टेकवली. काठी खाली जात राहिली. मूठ पाण्याला लागली, तिचं मनगट भिजलं, तरी तळ आला नाही. वरून पाणी सगळीकडे सारखंच गढूळ दिसत होतं.

"इथं बुडाली," सिग्ने म्हणाली. "तुझ्या बापाच्या चरात. जीव होता म्हणे!"

ती परत आली. ऑर्व्हिलच्या हातातून तिनं चादर ओढून घेतली. पाटीवर ठसठशीत अक्षरात 'हॉगन सरोवर' लिहिलेलं होतं. तिनं त्याकडे पाहिलंही नाही. खुर्चीत बसून त्याच चादरीनं सावकाश पाय पुसले, टाचा, घोटे, एकेक बोट. चादरीला काळा चिखल चांगला लागला.

मग उठून तिनं चादर पुन्हा पाटीवर टाकली.

वारा तसाच सुटला होता. पण चिखलानं जड झालेली चादर आता हलत नव्हती.