तिसरं कडवं

आमच्या प्रार्थनाघरात निम्म्यांना वाचता येत नाही. म्हणून पाद्री गाण्याची एकेक ओळ सांगतात आणि आम्ही ती गातो. माझ्या बायकोच्या, केझायाच्या अंत्यविधीला तिचंच गाणं घेतलं. आमची पोर कापडगिरणीत यंत्राच्या फिरत्या पट्ट्यात सापडून गेली, तेव्हा केझायाने ते लिहिलं होतं. गिरणीमालकाला क्षमा करणारी दोन कडवी झाली आणि पाद्री थांबले. पुढच्याच बाकावर मालक बसले होते.

तिसरं कडवं मला पाठ होतं. मी उठून ओळ सांगितली, "देवा, मी क्षमा केली, आता त्याला पट्ट्याभोवती कठडा बांधायला लाव."

कुणीच गायलं नाही. शेजारची मर्सी माझी बाही ओढत कुजबुजली, "बसा हो, एनॉकदादा. उद्या त्याच्याच दारात कामाला जायचंय ना आपल्याला?"

मी बसलो.

केझाया, मालकाला केलीस तशी मलाही क्षमा कर.