झेंड्याचा रंग

“झेंडा कोणता?” कॅप्टन घाट्यांनी विचारलं.

“हिरवा, सर,” विद्याधर म्हणाला.

कॅप्टननी खाली निरखून पाहिलं. मग खाली आणलेलं विमान त्यांनी पुन्हा वर उचललं आणि भिलाईच्या धावपट्टीवरून एक फेरा मारला. खाली धावपट्टीवरचा झेंडेवाला रामाजी झेंडा हलवत होता.

“आता?”

“हिरवाच.”

कॅप्टननी आणखी एक फेरा मारला. तिसऱ्या वेळी त्यांनी काही विचारलंच नाही. खाली रामाजीकडे एकवार पाहिलं आणि विमान अलगद टेकवलं. धावपट्टीच्या कडेला रोड रोलर उभा होता, त्याचा ड्रायव्हर विडी पेटवत होता. मागे बसलेले कारखान्याचे सहा इंजिनियर उशीर झाला म्हणून कुरकुरत उतरले.

विद्याधर गोंधळला. उतरायची परवानगी असताना दोन फेरे कशाला? तो रामाजीकडे गेला.

“रामाजी, मघाशी झेंडा कोणता दाखवत होतास?”

रामाजीनं आधी कॅप्टनकडे पाहिलं. “सायबानं बराबर उतरवलं ना? मंग झालं.”

“तुझ्याआधीचा माणूस शिस्तीचा होता. लाल डाव्या हातात, हिरवा उजव्या हातात. तू एकच झेंडा घेऊन उभा राहतोस.”

“जो दाखवाचा तोच दाखवतो, साहेब. दुसरा कायले धरू?”

विद्याधरनं मान हलवली. प्रशिक्षणच नाही या लोकांना, त्याला वाटलं.

तो स्वतः रायपूरचा. फ्लाइंग क्लबात लेखी परीक्षेत पहिला आलेला. वैद्यकीय तपासणी पाच मिनिटांत झाली होती: छाती, कान, भिंतीवरची अक्षरं, आणि काकांच्या ओळखीच्या डॉक्टरांची सही. नागपूर-भिलाई फेऱ्या करणाऱ्या या लहान कंपनीत तो वर्षभर कॅप्टन घाट्यांच्या शेजारी बसत होता. कॅप्टननी युद्धात विमानं चालवलेली. उड्डाणाआधीची यादी त्यांना पाठ होती, तरी रोज कागद हातात घेऊन वाचायचे. विमान चालवणं तो त्यांच्याकडूनच शिकला होता. पुढच्या महिन्यात तेच त्याच्या कॅप्टनकीची शिफारस करणार होते.

पण हल्ली त्यांचं वागणं काही कळेनासं झालं होतं.

एका सकाळी त्यांनी विमानाचं रंगीत पेट्रोल बाटलीत काढून उजेडात धरलं. “रंग सांग.”

“पिंपावर लिहिलेलं आहे ना, सर.”

“पिंपावरचं नाही. बाटलीतलं सांग.”

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या धावपट्टीवरच्या दिव्यांचा रंग. मग वाटेत एका घरावरच्या पताकेचा. उत्तर ऐकून ते नुसतं “हं” म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघत राहायचे.

घरीही त्याचं डोकं ठिकाणावर नसायचं. त्याच्या बायकोला, सुहासिनीला, सातवा महिना लागला होता. डोहाळजेवण तिच्या भावाच्या भिलाईतल्या, सेक्टर दोनमधल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये होतं. विद्याधरनं सुपेल्याच्या बाजारातून तिच्यासाठी मुद्दाम हिरव्या बांगड्या आणल्या. तिनं पुडा उघडला.

“तुम्हीच निवडल्या?”

“मग कोण निवडणार? आवडल्या नाहीत?”

“आवडल्या की,” ती म्हणाली आणि पुडा ट्रंकेत ठेवला. डोहाळजेवणाला तिनं दुसऱ्याच घातल्या. बायकांचं मन आपल्याला समजत नाही, एवढंच त्याला समजलं.

त्याच रात्री जेवताना त्याला एकदम उलगडा झाला. कॅप्टनना रंग दिसत नाहीत! म्हणून रोज विचारतात. म्हणून हिरवा झेंडा असून दोन फेरे मारतात. आपल्या डोळ्यांवर ते विमान उतरवून राहिले आहेत, आणि मागे माणसं बसलेली असतात.

दोन दिवस त्याला घास गोड लागला नाही. ज्यानं हाताला धरून शिकवलं त्याचीच तक्रार करायची? पण उद्या खरंच लाल झेंडा असला आणि आपण शेजारी नसलो तर? शेवटी त्यानं कंपनीला पत्र लिहिलं.

आठवडाभरानं कॅप्टननी त्याला बाजूला घेतलं.

“पत्र लिहिलंस?”

विद्याधरची मान खाली गेली. “हो सर. माफ करा.”

“बरं केलंस. मीच लिहिणार होतो, हात धजत नव्हता.” त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “डॉक्टर येऊन राहिले. आपली दोघांचीही तपासणी होईल.”

विद्याधरच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा मोठा माणूस, आणि किती सरळ कबुली दिली त्यानं.

बुधवारी धावपट्टीजवळच्या खोलीत डॉक्टरांनी बॅगेतून एक पुस्तक काढलं. प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांचा एक गोळा. त्यात वेगळ्या रंगाच्या ठिपक्यांनी काढलेला इंग्रजी आकडा लपलेला असतो, तो वाचायचा. कॅप्टन पुढे बसले. विद्याधर त्यांच्या मागे उभा राहून बघू लागला.

“बारा,” कॅप्टन म्हणाले. बरोबर होतं. विद्याधरलाही बारा स्पष्ट दिसला.

डॉक्टरांनी पान उलटलं.

“आठ.”

विद्याधर वाकून पाहू लागला. नुसते ठिपके होते.

“एकोणतीस,” कॅप्टन पुढच्या पानावर म्हणाले. तिथेही ठिपकेच. माणूस नोकरीसाठी शेवटी एवढ्या थराला गेला?

“डॉक्टरसाहेब,” तो न राहवून म्हणाला, “हे मनचे आकडे सांगून राहिले. पहिलं सोडलं तर या पानांवर आकडेच नाहीत.”

कॅप्टननी डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी सावकाश मागचं पान काढलं. तेवढ्यात धावपट्टीच्या कामावरची गयाबाई चहा घेऊन आली. डॉक्टरांनी पुस्तक तिच्यासमोर धरलं.

“बाई, यात काही दिसतं का?”

गयाबाई लाजली. “मले वाचता नाही येत, साहेब.” मग तिनं ओल्या बोटानं ठिपक्यांवरून एक वळण काढलं, त्याखाली दुसरं. “पण हा आठ हाय ना? माह्या हजेरीच्या बिल्ल्यावर हाच हाय.”