ऐकून घेण्याचा ठराव

आमच्या नगरपालिकेची आज खास सभा होती. ‘म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय कुणाचंही घर पाडू नये, तो माणसाचा हक्क आहे, तसा कायदा देशभर करा,’ असा ठराव नगरसेवक थेट राजधानीला पाठवणार होते. गेल्याच मंगळवारी याच मंडळींनी नाल्याकाठची अकरा घरं कुणाला न विचारता पाडली होती.

मी इथे टायपिस्ट आहे. सभेचं इतिवृत्त आमच्याकडे आदल्या दिवशीच टाइप होतं, म्हणजे सभा संपली की साहेबांना सह्या ठोकून मोकळं होता येतं. काल अध्यक्षांनी दात कोरत मजकूर सांगितला आणि मी मुकाट्याने बडवला.

सभेला दहा मिनिटं असताना इस्त्रीवाल्या मावशी जिना चढून आल्या. पाडलेल्यांतलं एक घर त्यांचं. सभेत बोलायची परवानगी मागणारा अर्ज त्यांनी सोमवारीच दिला होता. आज अंगावर परीटघडीचे कपडे होते, हातात घरपट्टीची पावती.

“पोरी, दोन मिनिटं बोलू देतील ना गं? मी आवाज चढवणार नाही. नीट पाठ करून आलेय.”

मी होकारार्थी मान हलवली आणि त्यांना पुढची खुर्ची दिली. मग टेबलावरचं इतिवृत्त हळूच फाइलखाली सरकवलं.

त्यातली शेवटची ओळ होती : ‘एका महिलेने आरडाओरडा केल्यामुळे तिला सभागृहाबाहेर काढण्यात आले.’